‘चवथ झाल्यावर दाखवू’ म्हणता म्हणता गेलेले महिने

प्रश्न गोव्यातल्या साखळीच्या एका मुलीचा आहे. ती नोकरीला पुण्यात, आईबाबा गावी. आईचं वय ५२, पाळी जाऊन दोन वर्षं झाली. डाव्या स्तनात गाठ असल्याचं आईला शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या दिवसांत आंघोळ करताना कळलं. घरात सांगितलं ते आता, आषाढात. दुखत नाही. जवळच्या डॉक्टरांनी हात न लावताच गोळ्या लिहून दिल्या. आई म्हणते, चवथ (गणेश चतुर्थी) होऊन जाऊ दे, मग दाखवू. मुलीने दोन गोष्टी विचारल्या आहेत. आणखी दोन महिन्यांनी खरंच काही बिघडतं का? आणि कॅन्सरच असला तर चार महिने गेलेच आहेत, आता घाई करून काय मिळणार?

बिघडतं. आणि घाई करून पुष्कळ काही मिळतं. आधी करायचं काय ते सांगते, कारणं मागाहून. याच आठवड्यात आईला सर्जनकडे न्या. हाताने तपासणी, मग मॅमोग्राम (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी, आणि त्यांत जराही शंका उरली तर कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणं. हे सगळं होईपर्यंत ‘काही नाही हो’ असं कुणीही म्हटलं, उद्या मी म्हटलं तरी, ते मानू नका. आज रात्रीची झोप उडवायची मात्र गरज नाही. तपासायला येणाऱ्या बहुतेक गाठी साध्या निघतात. फक्त वय वाढतं तसं हे प्रमाण बदलत जातं. बावीस वर्षांच्या मुलीची हाताखालून सटकणारी गोळी आणि पाळी गेलेल्या बाईची नवी, टणक गाठ यांना मी एका मापाने मोजत नाही. दुसरी गाठ साधी आहे हे सिद्ध व्हावं लागतं.

गोव्यात शस्त्रक्रिया करायला लागून मला सव्वीस वर्षं झाली. या काळात सर्वांत जास्त वेळा कानावर पडलेलं वाक्य म्हणजे, ‘म्हाका दुखना, दोतोर.’ दुखत नाही म्हणून आले नाही. शरीराने आपल्याला शिकवलेलं असतं की दुखलं तर वाईट. स्तनाच्या बाबतीत ही शिकवण बहुतेकदा उलटी पडते. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना ठणकणारे स्तन घेऊन बायका घाबरून येतात आणि त्यांना सहसा काहीच नसतं. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. म्हणूनच ती खुशाल अंगावर काढली जाते.

आता त्या दोन महिन्यांचं. एक सेंटिमीटरच्या गाठीत अंदाजे १०० कोटी पेशी असतात. एका पेशीपासून तिथवर यायला बहुतेक गाठींना काही वर्षं लागतात, म्हणजे आईच्या हाताला जी लागली ती शिगम्यात जन्मलेली नाही. त्यामुळे चार दिवस इकडे-तिकडे झाल्याने काही होत नाही. महिन्यांनी होतं. आमच्याकडच्या बायका गाठीचं माप सुपारी, लिंबू असंच सांगतात आणि मला ते आवडतं, कारण हिशेब सोपा होतो. सुपारी साधारण दोन सेंटिमीटर धरा, लिंबू चार. बघणाऱ्याला वाटतं दुप्पट झाली. पण गाठ तिन्ही बाजूंनी वाढते, त्यामुळे आतला ऐवज आठपट झालेला असतो. कॅन्सरच्या पायऱ्या ठरवताना आम्ही हीच मापं वापरतो: दोन सेंटिमीटरपर्यंत एक गट, दोन ते पाच दुसरा, पाचच्या वर तिसरा, आणि कातडी फोडून वर आली किंवा छातीच्या भिंतीला चिकटली तर आकार कितीही असो, चौथा. गाठ वाढते तशी काखेतल्या ग्रंथींत पेशी पोचण्याची शक्यताही वाढते. पुढचं आयुष्य ठरवण्यात गाठीच्या आकाराइतकंच, कधी त्याहून जास्त, वजन काखेतल्या ग्रंथींचं असतं.

उशिराचा जगण्यावर काय परिणाम होतो, हे मोजलेलं आहे. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ८७ अभ्यास एकत्र करून केलेला आढावा छापून आला, त्यात एक लाखाहून जास्त रुग्ण होत्या. पहिलं लक्षण दिसल्यापासून उपचाराला तीन महिने किंवा जास्त लागलेल्या बायकांचं पाच वर्षं जगण्याचं प्रमाण लवकर आलेल्यांपेक्षा १२ टक्क्यांनी कमी होतं. तीन ते सहा महिन्यांच्या गटात फरक ७ टक्क्यांचा. तुमची आई आज त्या गटात आहे. चवथीनंतर सहाच्या पलीकडे जाईल. २०२० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या आणखी एका आढाव्यानुसार, निदान झाल्यावर शस्त्रक्रिया लांबली तर दर चार आठवड्यांमागे मृत्यूचा धोका सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा वाचून लोक हबकतात, म्हणून उलगडून सांगते. शंभरात वीस जणी दगावणार असतील, तर महिनाभराच्या उशिराने ती संख्या साडेएकवीसच्या आसपास जाते. एका बाईपुरतं हे थोडं वाटेल. दोन-तीन महिने साचले की थोडं राहत नाही.

इथे एक शंका चांगले वाचक काढतात, आणि ती रास्त आहे. लवकर निदान झालं की ‘निदानानंतर जगलेली वर्षं’ आपोआपच जास्त दिसणार. समजा एखादी बाई साठाव्या वर्षी जाणारच आहे. गाठ ५४ व्या वर्षी सापडली तर सहा वर्षं जगली, ५७ व्या वर्षी सापडली तर तीन. आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नाही. त्या १९९९ च्या आढाव्यात हे तपासलं होतं. काही अभ्यासांत जगण्याची वर्षं निदानापासून न मोजता पहिलं लक्षण दिसल्यापासून मोजली होती, आणि तरीही उशीर करणाऱ्यांचं नुकसान दिसलंच. उलट एक गंमत अशी की काही मंद गाठी वर्षभर अंगावर काढूनही फारशा पसरत नाहीत. शेजारच्या काकी ‘मी दोन वर्षं काही केलं नव्हतं, बघ कशी ठणठणीत आहे’ म्हणतात त्या अशांपैकी. त्या खोटं बोलत नसतात. फक्त त्यांच्यासारख्याच थांबलेल्या इतर बायका तो किस्सा सांगायला उरलेल्या नसतात.

भारताचं एकूण चित्र असं: २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजारांच्या आसपास मृत्यू. पाच वर्षं जगण्याचं प्रमाण आपल्याकडे ६६ टक्क्यांच्या घरात, अमेरिकेत ९० च्या. औषधं बव्हंशी तीच आहेत. या दरीचं एक मोठं कारण, रुग्ण कोणत्या टप्प्यावर आमच्यासमोर येऊन बसते हे आहे. अमेरिकेच्याच नोंदी पाहिल्या तर रोग स्तनापुरता असताना सापडला की पाच वर्षांचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या पुढे, काखेत पोचला की ८७ च्या आसपास, आणि हाडं, यकृत, फुप्फुस गाठलं की ३० च्या थोडं वर.

मग गोव्यात उशीर का व्हावा? उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत सगळं राज्य जेमतेम १०५ किलोमीटर. साखळीहून पणजीची बस, तिथून दुसरी धरली की बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ). गडचिरोलीच्या एखाद्या बाईने अंतराचं कारण सांगितलं तर मी मान खाली घालीन. आपल्याकडे ते सांगता येत नाही. आपले महिने रस्त्यावर जात नाहीत. ते घरात जातात आणि, आम्हा डॉक्टरांना ऐकायला आवडत नसलं तरी, दवाखान्यात जातात.

घरातले आधी. सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा इथून येणाऱ्या बायकांशी बोलताना मला एक पंचांगच पाठ झालं आहे. फाल्गुनात शिगमो. त्याला लागून काजूचा हंगाम. बोंडू (काजूची फळं) गोळा करायला माणूस मिळत नाही, आणि तो चुकला तर वर्षाचे पैसे गेले. मग मुलांची दहावी-बारावी, लग्नसराई. मग पाऊस, शेत. मग चवथ, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, करंज्या-नेवऱ्या करायच्या, मुंबईची माणसं येणार. मग दिवाळी आणि पाठोपाठ जत्रा. या पंचांगात बाईच्या गाठीला एकही मोकळी तिथी नाही. तिला कुणी अडाणी म्हटलं की मला राग येतो. ती हिशेबी असते. फक्त त्या हिशेबात स्वतःला शेवटी धरते.

दुसरं, लाज. पुरुष डॉक्टर असेल तर दाखवायचं कसं? नवऱ्याला सांगायचं कसं? आणि लग्नाची मुलगी घरात असताना ‘आईला कॅन्सर’ हे गावभर झालं तर? शेवटच्या भीतीवर नेमकी माहिती उपयोगी पडते: जनुकीय दोषातून येणारे स्तनाचे कॅन्सर १०० तले साधारण ५ ते १० असतात. बाकीच्यांचा मुलीच्या रक्ताशी तसा थेट संबंध नाही. याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘आमच्या घरात कुणाला नाही’ हे निर्धास्त राहण्याचं कारण होऊ शकत नाही. बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कुणालाच नसतो.

तिसरं, कौल, म्हणजे देवाला विचारणं. देवळात प्रसाद घेतल्याशिवाय काही घरांत मोठं पाऊल उचलत नाहीत, आणि मी त्याला हसत नाही. एका घराने तर ‘ऑपरेशन करावं की नाही’ म्हणून मूर्तीला पाकळी लावली, देवाने उजवा, म्हणजे होकाराचा कौल दिला आणि तिसऱ्या दिवशी सगळं बिऱ्हाड माझ्या दारात हजर. इतक्या झटपट माझ्याकडे क्वचितच कुणी आलं असेल. अडचण होते ती पाल्याचे लेप आणि मालिश यांच्यात महिने जातात तेव्हा. लेपाने कातडी लाल होते, सोलवटते, आणि मग आमच्यासमोर प्रश्न उभा राहतो की हे लेपाचं की रोगाचं.

आता दवाखान्यातला उशीर. तुमच्या आईच्या बाबतीत तो सुरू झालेलाच आहे. हात न लावता दिलेल्या गोळ्या. मी डॉक्टरांना सरसकट दोष देत नाही. ओपीडीत साठ माणसं, आडोशाला पडदा नाही, सोबत नर्स नाही, बाई संकोचलेली. पण न तपासता दिलेला धीर हा सर्वांत महागात पडतो, कारण बाई ‘दाखवलं’ म्हणून निश्चिंत होते. अशी आणखी काही वळणं मी पाहिली आहेत. अंगावर पाजणाऱ्या आईचा स्तन लाल, सुजलेला. दुधाची गाठ म्हणून अँटिबायोटिकचे कोर्सावर कोर्स. दहा-चौदा दिवसांत उतार पडला नाही तर सोनोग्राफी आणि बायोप्सी झालीच पाहिजे, कारण सुजेसारखा दिसणारा एक आक्रमक कॅन्सर असतो. स्तनाच्या बोंडावर खरूज आली म्हणून महिनोनमहिने मलमं. एकाच बोंडावर असेल आणि बरी होत नसेल तर तीही तपासायची असते. आणि सर्वांत वाईट म्हणजे आधी बायोप्सी न करता गाठ ‘काढून टाकणं’, वर काढलेला तुकडा तपासायलाच न पाठवणं. तशी रुग्ण नंतर आमच्याकडे आली की गाठ किती मोठी होती, कडा मोकळ्या होत्या का, रोगाची जात कोणती, यातलं काहीच कळायला मार्ग नसतो.

माझीही चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत चाळिशीतली एक बाई आली. गाठ हाताला टणक लागत होती. बारीक सुईने पेशी काढून तपासल्या, रिपोर्ट ‘कॅन्सर नाही’. मी तिला सहा महिन्यांनी या म्हटलं. ती नवव्या महिन्यात आली तेव्हा काखेत गाठी होत्या. हात एक सांगत होता आणि सुई दुसरं, आणि मी सुईवर विसंबले, कारण तिचं म्हणणं कागदावर छापलेलं होतं. हात, फोटो आणि सुई तिघांची साक्ष जुळली तरच सोडायचं, एकही फुटला तर पुन्हा बायोप्सी करायची, हे पुस्तकात मी आधीच वाचलेलं होतं. बारीक सुईच्या रिपोर्टवर मी आता कुणाला घरी पाठवत नाही. कोअर बायोप्सीत जागा बधिर करून थोड्या जाड सुईने गाठीचे दोऱ्यासारखे तुकडे काढतात. वीसेक मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. ‘सुई लावली की पसरतो’ ही समजूत घरोघरी आहे. सुईमुळे आयुष्य कमी होतं असं दिसलेलं नाही, बायोप्सीवाचून राहिल्याने मात्र होतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्तनाच्या कॅन्सरसाठी तीन आकडे मांडले: ६०, ६०, ८०. किमान ६० टक्के रुग्ण पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात सापडाव्यात. पहिल्यांदा दवाखान्यात दाखवल्यापासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं. ८० टक्के जणींचे उपचार अर्धवट न सुटता पार पडावेत. मधला आकडा घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवता येतो. आईला गोळ्या मिळाल्या त्या तारखेवर खूण करा आणि तिथून ६० मोजा.

कुठे जायचं? गोमेकॉ आहेच. म्हापसा आणि मडगाव इथली जिल्हा इस्पितळं आहेत. जवळच्या आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन गेलात तर हेलपाटे कमी होतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा’ मोहिमेत हातात धरायच्या छोट्या यंत्राने गावोगावी तपासणी केली गेली. एक लाख बायकांपर्यंत पोचायचं उद्दिष्ट होतं. मोहीम चांगली, पण एक लक्षात ठेवा: असं यंत्र ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यातून शंकेच्या बायका निवडण्यासाठी असतं. ज्या बाईच्या हाताला गाठ लागलीच आहे तिने शिबिराची वाट पाहू नये, आणि शिबिरात ‘ठीक’ आलं म्हणून थांबूही नये. खर्चासाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड काढून मुदत बघा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्याला चार लाख रुपयांचं कवच आहे. काही जणी ‘मुंबईला टाटालाच जायचं’ म्हणून तिकीट, राहायची सोय, रजा यांत महिना घालवतात. दुसरं मत जरूर घ्या, पण बायोप्सी इथेच करून, रिपोर्ट आणि काचा (तुकड्याच्या स्लाइड) सोबत घेऊन निघा.

टाटाचं नाव निघालंच आहे तर त्यांचाच एक अभ्यास सांगते, तो तुमच्या आईच्या वयाला लागू पडतो. १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाखाहून अधिक बायकांवर वीस वर्षं तो चालला. अर्ध्या बायकांना प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासत होत्या; मॅमोग्राम नाही, काही नाही. त्या गटात रोग आधीच्या टप्प्यावर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही. शिकलेला हात म्हणजे काय, ते यावरून कळतं. स्वतः दर महिन्याला ठरावीक पद्धतीने तपासण्याचा उपदेश मात्र मी कमी केला आहे. शांघायच्या कापड गिरण्यांमधल्या अडीच लाखांहून अधिक कामगार बायकांना तो शिकवून पाहिला, मृत्यू कमी झाले नाहीत. आपला स्तन कसा असतो हे ओळखीचं असावं आणि बदल दिसला की त्या आठवड्यात दाखवावं, एवढं पुरे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, उशीर झालाच आहे तर काय उपयोग. चार महिन्यांत आई ‘गेल्यातली’ होत नाही. गाठ मोठी असली तर आधी केमो देऊन ती लहान करता येते आणि कित्येकदा स्तन राखून शस्त्रक्रिया होते. स्तन राखून रेडिएशन घेणं आणि सबंध स्तन काढणं यांत आयुष्याचा फरक पडत नाही, हे वीस वर्षांच्या पाठपुराव्याने २००२ मध्येच सिद्ध झालं. संप्रेरकांवर वाढणारा रोग असेल तर रोज एक गोळी पाच-दहा वर्षं, आणि ती खरंच काम करते. हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला) प्रकार एके काळी सर्वांत भीतीदायक होता. त्याच्यावरचं पर्टुझुमॅब-ट्रॅस्टुझुमॅबचं महागडं एकत्रित इंजेक्शन गोवा सरकारने २०२४ मध्ये मोफत देणं सुरू केलं. हाडांत पोचलेला रोग घेऊन शेतावर जाणाऱ्या बायका माझ्या यादीत आहेत. पण हेही सांगायला हवं, की लवकर आलेल्या बाईला जे एका शस्त्रक्रियेत आणि गोळीत भागतं, त्यासाठी उशिरा आलेलीला केमोचे आठ फेरे, हाताची सूज, वर्षभराची ये-जा सोसावी लागते. नुकसान मोजताना आम्ही फक्त मृत्यू मोजतो, हे वर्ष कुणी मोजत नाही.

आईला कसं सांगायचं? ‘कॅन्सर असेल’ म्हणून घाबरवलंत तर ती आणखी लपवेल. ‘चवथीत तू निर्धास्त असावीस म्हणून आधी दाखवू’ असं म्हणून पाहा. माझ्याकडे हे बऱ्याच वेळा चाललं आहे. तुम्ही स्वतः दोन दिवसांची रजा काढून या. बाबांनाही बरोबर घ्या, बाहेरच्या बाकावर का होईना. लेडी डॉक्टर मागायला संकोचू नका. तुमच्या स्वतःच्या तपासणीचं आता डोक्यात नको. आईचा रोग ट्रिपल निगेटिव्ह (दोन्ही संप्रेरकांच्या आणि हर-टूच्या तपासण्या निगेटिव्ह) निघाला, किंवा आजी-मावशी कुणाला स्तनाचा वा बीजांडकोशाचा झालेला असला, तर जनुकीय तपासणीबद्दल तेव्हा बोलू.

निघताना दिलेल्या गोळ्यांची चिठ्ठी, योजनेचं कार्ड आणि आधीचे मॅमोग्राम असतील तर त्यांच्या फिल्म घ्या; नुसते कागद नकोत. आईला पावडर किंवा डिओ लावायला देऊ नका, मॅमोग्राममध्ये त्याचे ठिपके उठतात. बायोप्सीचा रिपोर्ट आला की त्यात ईआर, पीआर (या दोन संप्रेरकांच्या) आणि हर-टू अशा तीन ओळी आहेत का बघा. नसतील तर तोच तुकडा त्या तपासण्यांसाठी पाठवायला सांगा, आणि उत्तर काय येतं ते मला कळवा.